मर्जीवरच्या जागा

कलावंतांसाठीच्या अनेक रेसिडेन्सींच्या अर्जात एक अट असते. सहा आठवडे किंवा तीन महिने तिथे सलग राहायचं आणि एकट्याने यायचं, कुटुंबाला सोबत आणायचं नाही. ही अट वाचून अर्ज तिथेच सोडून देणाऱ्यांची नोंद कुठेच होत नाही. जिल्ह्याच्या गावी चित्रकला शिकवणारा शिक्षक त्यांत असतो. त्याच्या सुट्ट्या दिवाळीला आणि मे महिन्यात बांधलेल्या असतात. पाच वर्षांच्या मुलाची आई असते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं स्वतः बघणारी शिल्पकार असते. पेरणी आणि काढणी यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत ढोलकी हातात घेणारा कलाकार असतो. निवड समितीपुढे अर्ज पोचतात ते घर मागे ठेवून जाऊ शकणाऱ्यांचे. पुढे त्यांतून गुणवत्तेवर निवड होते, पण खरी चाळण त्याआधीच लागलेली असते.

रेसिडेन्सी ही कल्पनाच चुकीची आहे, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १९०७ साली संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी आपल्या शेतजमिनीवर कलावंतांसाठी राहण्याची सोय केली. जंगलात विखुरलेल्या झोपड्या, प्रत्येकीत एकच कलावंत. दुपारचं जेवण टोपलीत भरून दाराशी ठेवलं जातं आणि ठेवणारा दार न वाजवता निघून जातो. ही पद्धत तिथे आजही पाळतात. मला ती टोपली फार मोलाची वाटते. जेवणाची काळजी नाही, आज काय केलंस हे विचारणारं कुणी नाही आणि मनात जुळू लागलेलं मोडणारंही कुणी नाही. हिशेब न मागणारा वेळ ही कुठल्याही कलावंताची पहिली गरज आहे, आणि ती इतक्या नेमकेपणाने ओळखणाऱ्या संस्था थोड्याच आहेत. अडचण एवढीच, की पुढे जगभर या नमुन्याच्या नकला झाल्या त्या प्रामुख्याने जंगलाच्या, एकांताच्या आणि मुक्कामाच्या. हिशेब न मागता दिलेला वेळ मागे पडला आणि घरापासून दूर जाणं हीच मुख्य गोष्ट होऊन बसली.

आपल्याकडचं उत्तम काम बऱ्याचदा वेगळ्या जागी झालं आहे. मुंबईत वॉर्डन रोडवर, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावर, पन्नास आणि साठच्या दशकांत भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. माधुरी देसाईंनी ती वास्तू कलावंतांसाठी खुली केली होती. तिथे हुसेन रंगवत, गायतोंडे रंगवत, नसरीन मोहमदी आणि प्रफुल्ला डहाणूकर यांचे स्टुडिओ होते. इब्राहिम अल्काझी दिल्लीला जाण्यापूर्वी तिथेच नाटक बसवत आणि शिकवत. रविशंकरांच्या ‘किन्नर’ संगीतशाळेचे वर्ग तिथे भरत. ती मुक्कामाची जागा नव्हती. दिवसभर काम करायचं आणि रात्री आपापल्या घरी जायचं. एका खोलीत कॅनव्हास, शेजारच्या खोलीत सतार आणि पलीकडे नाटकाची तालीम, असा तो शेजार होता. गायतोंड्यांसारखा अबोल माणूस अशा गजबजलेल्या ठिकाणी काम करत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. निवांतपणा दाराआड मिळत होता आणि दार उघडलं की माणसं होती. आपल्या शहरी कलावंताला बहुधा हेच प्रमाण मानवतं.

साठच्या दशकानंतर ते सगळं संपलं. वास्तू पाडली गेली आणि तिथे उंच इमारत उभी राहिली. कुणी दुष्टपणा केला असं नाही. जागा एका कुटुंबाच्या औदार्यावर चालली होती, आणि औदार्याची मुदत कधी संपेल हे कुणाच्याच हातात नसतं. एवढ्या कलावंतांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून वापरलेल्या त्या वास्तूवर त्यांच्यापैकी कुणाचाच कसलाही हक्क नव्हता.

छबिलदासची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे, पण ती आपण फार भाबडेपणाने सांगतो. ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था फुटल्यावर १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. सुलभाताई दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत होत्या. त्या ओळखीतून १९७४ मध्ये शाळेचं सभागृह प्रयोगांसाठी मिळालं. ते नाट्यगृह नव्हतं. रंगमंचाला खोली नव्हती, विंगा नव्हत्या, प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर बसत. खाली दादरचा बाजार, भाजीवाले, स्टेशनकडे धावणारी गर्दी आणि वड्याचा घाणा. पुढची जवळजवळ अठरा वर्षं सत्यदेव दुबे, अमोल पालेकर आणि त्यांच्यामागून आलेल्या कितीतरी तरुण गटांनी तिथे नाटकं केली. पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ बसवलं तेव्हा प्रेक्षक आणि नट यांच्यातली रेघच पुसून टाकली. ती रेघ पुसण्याचं धाडस सुचायला ती पुसता येईल अशी जागा लागते. शिवाजी मंदिरच्या पडद्यासमोर आणि क्रमांक टाकलेल्या खुर्च्यांत ते सुचणं अवघड होतं. जागेने तिथे नाटकाचा घाटच बदलला. नेपथ्य म्हणून एखादी पातळी आणि दोन ठोकळे पुरेसे आहेत, कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, नट पाठ करून उभा राहिला तरी चालतो, या गोष्टी मराठी नट तिथे शिकला.

इथवर सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. ते सभागृह शाळेच्या सवडीनेच मिळत असे. शाळेचे कार्यक्रम, परीक्षा आणि लग्नसराई यांतून उरलेल्या तारखा वाट्याला येत. नेपथ्य ठेवायला जागा नाही, दिवे प्रत्येक वेळी लावायचे आणि काढायचे. अरुण काकडे, सगळ्यांचे काकडेकाका, हे सगळं वर्षानुवर्षं जुळवत राहिले. तारखा वाटणं, किल्ली सांभाळणं, शाळेशी गोडीगुलाबीने राहणं, नव्या गटाला पहिला प्रयोग मिळवून देणं. या कामाचं ना परीक्षण छापून येत ना छायाचित्र. जिला आपण छबिलदास चळवळ म्हणतो तिचा निम्मा भार एका माणसाच्या चिकाटीवर आणि एका शिक्षिकेच्या ओळखीवर होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती जागा गेली. ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवलं आणि काम चालू ठेवलं, ही त्यांची थोरवी. दादर स्टेशनबाहेर पडून सहज येऊन बसणारा प्रेक्षक मात्र पूर्वीसारखा पुन्हा जमला नाही. एक जागा गेली की तिच्याबरोबर पायाला पडलेली वाटही जाते.

पर्यायी जागांचा आपला इतिहास हा उसन्या जागांचा इतिहास आहे. ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये दुब्यांना आणि पालेकरांना तालमीला जागा मिळाली ती विनोद आणि सरयू दोशी यांच्या रसिकतेमुळे. अशा माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. परंतु पन्नास-साठ वर्षं एका भाषेची प्रयोगशील रंगभूमी आणि एका शहराची आधुनिक चित्रकला काही थोड्या मोठ्या मनाच्या कुटुंबांवर आणि एखाद-दुसऱ्या मुख्याध्यापकाच्या होकारावर उभी राहावी, हे समाज म्हणून आपल्याला शोभत नाही. ज्यांना असं कुटुंब भेटलं नाही ते किती जण असतील? नाशिकला, नांदेडला, चंद्रपूरला? त्यांची नाटकं झालीच नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी आपण बोलतही नाही.

आज त्या मर्जीच्या जागी भाडं आलं आहे. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये, पुण्याच्या पेठांत आणि उपनगरांत तासावर मिळणारे हॉल झाले आहेत. त्यांतले काही फार जिव्हाळ्याने चालवले जातात. तरीही तासाचं भाडं तालमीचं काय करतं हे जवळून बघायला हवं. सात ते दहा हॉल घेतलेला असतो. नोकरीवरून येणारे दोघं लोकलमध्ये अडकलेले असतात, म्हणून सुरुवात साडेसातला होते. आधीची बॅच उशिरा निघाल्याने घामाचा वास अजून खोलीत असतो. लादीवर चिकटपट्टीने दार, खिडकी, पलंग आखायचे, कारण कालच्या खुणा जाताना काढाव्या लागलेल्या असतात. नऊच्या सुमाराला कुठे काहीतरी हाती लागू लागतं. नटीने एक वाक्य गिळलं आणि त्या गिळण्यातून अख्खा प्रसंग वेगळा दिसला, आता तो धागा धरून पुढे जावं असं सगळ्यांना वाटतं. तेवढ्यात रखवालदार दाराशी येऊन उभा राहतो. पावणेदहाला चिकटपट्ट्या उपटायच्या, खुर्च्या भिंतीला लावायच्या.

अशा तालमीत दिग्दर्शक काय करतो? तो आधी ठरलेलं बसवतो. चाचपडायला पैसे पडतात म्हणून चाचपडणं कमी होतं. दोन पात्रांचं, एका खोलीतलं, चटकन उभं राहणारं नाटक निवडलं जातं. हे निवडणाऱ्याला वाटतं की ही आपली आवड आहे. बऱ्याच अंशी ते भाडं असतं. चित्रकाराचंही तेच होतं. दहा बाय दहाच्या खोलीत, पलंगाखाली गुंडाळी सरकवता येईल एवढंच चित्र काढलं जातं. समीक्षक पुढे त्यावर लघुतेचं सौंदर्यशास्त्र लिहितात. त्या लघुतेत सौंदर्य असतंही. पण मोठं चित्र काढून बघण्याची संधी मिळाल्यावर निवडलेलं लहान चित्र वेगळं आणि दुसरा मार्गच नसल्याने काढलेलं लहान चित्र वेगळं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की अडचणीतूनच कला उगवते, सुखसोयी दिल्या तर कलावंत सुस्तावतो. छबिलदासचा दाखला दिला जातो, आणि हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचाही. पहाटे जात्याशी बसून, कष्टाच्या मधोमध केवढी कविता झाली, असं म्हणतात. झाली, हे खरं आहे, आणि ती थोर आहे. पण त्या बायकांना जातं आणि कविता यांतून निवड करता आली असती का? त्यांच्यापैकी एखादीला वर्षभर दळणाची पाळी चुकवून लिहिता-वाचता आलं असतं तर तिने काय केलं असतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. मर्यादेतून घाट जन्मतो हे मी वर छबिलदासबद्दल मान्य केलंच आहे. पण मर्यादा कुणी कुणावर लादाव्यात आणि त्यांचं कौतुक कुणी करावं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. घरात स्वयंपाकाला बाई असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या अडचणीत कलेचा उगम शोधू नये.

मला वाट दाखवणारं उदाहरण चित्रकार प्रभाकर बरवे यांचं. १९६१ मध्ये ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. ही केंद्रं १९५६ मध्ये पुपुल जयकरांच्या पुढाकाराने सुरू झाली. हातमागाच्या कापडासाठी नवे नमुने तयार करायचे आणि त्यासाठी शिकलेले चित्रकार विणकरांच्या शेजारी बसवायचे, अशी कल्पना होती. बरव्यांना बनारसला पाठवलं गेलं. तिथे त्यांची तांत्रिक चिन्हांशी गाठ पडली आणि त्यांच्या चित्राला पहिलं वळण मिळालं. पुढे मुंबईच्या केंद्रात त्यांनी दोन दशकं काढली. पगार, ठरलेले तास, हाताखाली धागा आणि रंग, शेजारी रंगारी आणि माग, संध्याकाळ आपली. त्याला कुणी रेसिडेन्सी म्हणालं नाही, पण मला ती आपल्या देशातली सर्वांत यशस्वी रेसिडेन्सी वाटते. मुंबईत आल्यावर चित्रकाराचं घर सुटलं नाही, महिन्याची चिंता मिटली आणि जिचा त्याच्या चित्रकलेशी वरवर संबंध नव्हता अशा एका कारागिरीचा सहवास मिळाला. वस्तू, तिची सावली आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यांवर बरवे ज्या एकाग्रतेने विचार करत, ती त्यांच्या ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकातही दिसते. रोज नमुन्याच्या कागदावर आकार मांडण्याच्या कामाने ती एकाग्रता पोसली असावी, असा माझा अंदाज आहे.

न्यूयॉर्कमध्ये मिएर्ल लेडरमन यूकेलेस यांनी याच वाटेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. आई झाल्यावर दिवसभर धुणं, पुसणं, भरवणं करताना त्यांना कलेसाठी वेळ उरेना, तेव्हा १९६९ मध्ये त्यांनी जाहीरनामा लिहून देखभालीचं कामच कला म्हणून मांडायचं ठरवलं. १९७७ मध्ये त्या शहराच्या सफाई खात्यात निवासी कलावंत झाल्या, विनावेतन. १९७९-८० मध्ये त्यांनी शहरभर फिरून साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. हे काम कुठल्याही जंगलातल्या झोपडीत सुचलं नसतं. ते विनावेतन होतं हे मात्र मला खटकतं, आणि खटकायलाच हवं. खातं जागा देतं, कामगार वेळ देतात, तर कलावंताचं पोट कुणी भरायचं?

घरापासून दूर नेणाऱ्या रेसिडेन्सीबद्दल एक आठवण टाळता येत नाही. पाटणगढचा परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम याला जगदीश स्वामीनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात आणलं. एका गावाची गाणी आणि देव रंगांत उतरवणारी नवी चित्रशैली त्याच्या हातून घडली. पॅरिसच्या १९८९ च्या गाजलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रं होती. २००१ मध्ये जपानमधल्या नीगाता प्रांतात, एका संग्रहालयासाठी चित्रं काढत असताना, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. मुक्काम लांबला होता आणि त्याला घरी परतायचं होतं, असं त्याच्या पत्रांवरून तेव्हा पुढे आलं. एका माणसाच्या अशा मृत्यूचं कारण बाहेरून कुणी ठरवू नये, मीही ठरवत नाही. पण ज्या करारात परत जाण्याची मोकळीक कलावंताच्या हाती नाही त्याला कलेची सेवा म्हणता येत नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. भाषा येत नाही, आजूबाजूला आपलं माणूस नाही, आणि परतीच्या तारखेवर दुसऱ्याची सही. यजमान कितीही रसिक असला तरी हा असमान व्यवहार आहे.

लवचीक रेसिडेन्सी हा शब्दप्रयोग आता सगळीकडे ऐकू येतो, तेव्हा मी आधी हे विचारतो की लवचीकता कुणासाठी? बऱ्याचदा ती जागेच्या मालकासाठी असते. हंगाम नसताना रिकाम्या पडणाऱ्या खोल्या, नवं संकुल विकलं जाईपर्यंत तळमजल्यावर भरवलेला स्टुडिओ, पाडायच्या आधी वर्षभर कलावंतांना दिलेली गिरणीची शेड. गिऱ्हाईक मिळालं की कलावंताने गाशा गुंडाळायचा. खरी लवचीकता उलट बाजूने यायला हवी. पिट्सबर्गच्या लेन्का क्लेटन यांनी २०१२ मध्ये मूल लहान असताना स्वतःच्याच घरात स्वतःसाठी रेसिडेन्सी जाहीर केली. व्यत्यय, तुटक वेळ आणि थकवा हीच कामाची सामग्री मानायची, असा तिचा नियम होता. पुढे जगभरच्या अनेक आयांनी ती रीत उचलली. मला तिचं मोल वाटतं आणि थोडी भीतीही. संस्थांनी तिचा अर्थ ‘मग घरीच करा की’ असा लावायला वेळ लागणार नाही. तुटक वेळेतही काम होतं हे तिने दाखवलं. आता संस्थांनी तुटक वेळेसाठी पैसे द्यावेत, मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगार द्यावा, आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्षभर एक खोली द्यावी. सलग तीन महिन्यांच्या कामाच्या जवळपास ते तास जातात.

हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे का? माझ्या मते ते एका बाबतीत आधीपासूनच चालू आहे. पावसाळा तोंडावर आला की लालबाग-परळला गणपतीचे कारखाने उभे राहतात. बांबू आणि ताडपत्रीचे उंच मांडव रस्त्याकडेला, मैदानात, गिरणीच्या आवारात. आत प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या साच्यात थापणारे हात, ओल सुकेना म्हणून रात्रभर चालू ठेवलेले पंखे आणि हॅलोजन, परांचीवर चढून मुकुटाचे तपशील कोरणारी मुलं. ती मुलं वर्षाचे उरलेले महिने दुसरीच कामं करतात. सगळ्यात शेवटी ज्याच्या हातावर भरवसा आहे असा एकच जण डोळ्यांची आखणी करायला बसतो, आणि तेव्हा त्याच्याशी कुणी बोलत नाही. विसर्जनानंतर मांडव उतरतो. या तात्पुरत्या कार्यशाळांना महापालिका रीतसर परवानगी देते, आणि गेल्या काही वर्षांत शाडूच्या मूर्ती घडवणाऱ्यांना तिने मोफत जागा आणि माती देऊ केली आहे. हंगामी कामासाठी सार्वजनिक जागा नियमाने कशी द्यायची, अर्ज कुठे करायचा, वीज कशी जोडायची, हे सगळं त्या कचेरीला ठाऊक आहे.

तेच आता चित्रकार, नाटकवाले, नाचणारे, लिहिणारे यांच्यासाठी का करू नये? महाराष्ट्रातल्या महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या कितीतरी शाळांत पट घटून वर्ग रिकामे पडले आहेत. बाकीचे वर्ग संध्याकाळनंतर बंदच असतात. एक वर्ग, वर्षभराचा लेखी करार, संध्याकाळी सात ते दहा आणि रविवार. नेपथ्य किंवा कॅनव्हास ठेवायला कुलूपबंद कपाट, म्हणजे रोज चिकटपट्ट्या उपटायला नकोत. रखवालदाराला त्या तासांचा वेगळा पगार, कारण त्याच्या झोपेवर कुणाची कला उभी राहू नये. शेजारच्या वर्गात कलावंतांच्या मुलांना बसायची सोय. करार संस्थेशी असावा, मुख्याध्यापकाशी नसावा, म्हणजे त्यांची बदली झाली तरी जागा जाणार नाही. निवड गावातल्याच जाणत्यांनी करावी आणि निवडलेले गट दर दोन वर्षांनी बदलावेत, नाहीतर जुने गट जागा अडवून बसतील आणि विशीतल्या पोरांना दार उघडणार नाही. ही भीती खरी आहे. अनुदानाच्या जागा कशा मरगळतात हे आपण पाहिलं आहे.

त्याहून मोठी भीती दुसरी आहे. सरकारी जागा घेतली की सरकारी नजरही आत येते. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी परीक्षण मंडळाला दाखवावी लागते. या तरतुदीला अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ‘सखाराम बाइंडर’ला सत्तरच्या दशकात कोर्टाची पायरी चढावी लागली होती. रसिक मालकाच्या हॉलमध्ये हे प्रश्न कमी येतात, म्हणून अनेक मित्रांना मर्जीवरची जागाच बरी वाटते. त्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. पण मर्जीच्या जागेतही नजर असतेच. घरमालक संहिता मागत नाही, तो पुढच्या महिन्याची तारीख देत नाही. नियमाने मिळालेल्या जागेत निदान नियमाशी भांडता येतं, कोर्टात जाता येतं, कारण विचारता येतं. म्हणून करारात हेही स्वच्छ लिहावं लागेल की वर्गात काय लिहिलं, रंगवलं किंवा बोललं जातं याची चौकशी जागा देणारं खातं करणार नाही. वीज किती जळली, नळ बंद केला का, किल्ली वेळेवर परत आली का, एवढंच ते विचारील.